तिसरी प्रत

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेच्या नातीचा फोन आला. ती सध्या बी.एड. करते आहे. तिला एक निबंध लिहायचा होता, विषय 'उच्च शिक्षणात तंत्रज्ञानाची भूमिका'. पोरीने थेट विचारलं, "मोठी आजी, तुमच्या वेळी टेक्नॉलॉजी नव्हतीच ना? मग पहिल्या परिच्छेदात तसंच लिहून टाकू का?"

मी म्हटलं, "थांब. एवढ्यात लिहू नकोस."

फोन ठेवला आणि मीच विचारात पडले. नव्हतं कसं? होतं की! फक्त त्याला तंत्रज्ञान म्हणायची पद्धत नव्हती. तिला फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. नातेवाईक मंडळींना यातल्या काही गोष्टी ठाऊक आहेत. एक मात्र नाही. ती शेवटी येईल.

आधी भूगोल सांगते, कारण आमच्या शिक्षणाचा सगळा इतिहास त्या भूगोलातच अडकलेला आहे. माझं माहेर शिरूर, म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, आणि सासर दौंड. दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यातले, एकमेकांना लागून. पण शिरूरहून दौंडला यायचं तर न्हावरा, पारगाव, चौफुला असं करत यावं लागे, आणि मधे एसटी बदलावी लागली तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. शिरूरला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. दौंड मात्र मोठं जंक्शन. १८७८ साली इथून मनमाडकडे फाटा निघाला, तेव्हापासून गावाचं घड्याळ गाड्यांवर चालतं. पुणे दोन्हीकडून सत्तर-पाऊणशे किलोमीटर. विद्यापीठ तिथे, मोठी कॉलेजं तिथे, पुस्तकांची दुकानं तिथे. आज शिरूरला बोरा महाविद्यालय आहे, दौंडलाही कॉलेज आहे. आमच्या लहानपणी मात्र 'कॉलेजला गेला' याचा अर्थ 'पुण्याला गेला' असाच होता. आणि 'गेली' असं क्वचितच कानावर यायचं.

तरी शिक्षण आणि यंत्र यांची गाठ आमच्या तालुक्यात फार पूर्वीच पडली होती, आणि तीही बायकांच्या हातून. दौंडहून पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर त्यांनी निराधार बायकामुलींना तिथे आसरा दिला, हे पुष्कळांना माहीत असतं. पण तिथे छापखाना होता आणि त्यात खिळे जुळवायचं काम बायका करायच्या, हे किती जणांना माहीत आहे? रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचं मराठी भाषांतर केलं आणि ते याच छापखान्यात छापलं गेलं. १९२२ साली त्या गेल्या. मी पॅसेंजरच्या खिडकीतून कित्येक वर्षं ते स्टेशन बघत आले. ज्या बायकांना गावाने पाटीसुद्धा धरू दिली नसती, त्या उलटी अक्षरं वाचायला शिकल्या, हा विचार दर वेळी मनात यायचा.

असो. आता माझी गोष्ट.

मी १९६७ साली जुन्या अकरावीची एस.एस.सी. झाले, मग डी.एड., आणि लगेच जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. घरात पैसा लागत होता, त्यामुळे कॉलेजचा प्रश्नच नव्हता. पण पुणे विद्यापीठात बहिःस्थ म्हणून परीक्षा देता यायची. बहिःस्थ, म्हणजे बाहेर उभा असलेला! फॉर्म भरायचा, फी भरायची, वर्षभर आपलं आपण वाचायचं आणि परीक्षेला हजर व्हायचं. शिकवायला कुणीही नाही. मराठी विषय घेऊन मी अशी बी.ए. केली. १९७३ साली लग्न होऊन दौंडला आले आणि १९७६ साली पदवी मिळाली.

या काळातलं माझं तंत्रज्ञान म्हणजे कार्बन पेपर. माझी एक मैत्रीण पुण्यात कॉलेजात होती. ती वर्गातल्या नोट्स रात्री पुन्हा लिहायची आणि लिहिताना खाली दोन कार्बन घालायची. वरची प्रत तिची, दुसरी तिच्या चुलतबहिणीची, तिसरी माझी. ते पुडकं शिरूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं जाई आणि माझा भाऊ स्टँडवर जाऊन घेऊन येई. लग्नानंतर तेच पुडकं रेल्वेने येऊ लागलं. आमचे हे गार्ड होते, त्यामुळे त्यांच्या कुणा ना कुणा सोबत्याच्या हाती ते सुखरूप पोचायचं.

ज्यांनी कार्बन वापरला आहे त्यांना तिसरी प्रत म्हणजे काय ते सांगायला नको. निळसर, पुसट, बोट लागलं की फरफटणारी. काव्यशास्त्राच्या नोट्समध्ये शब्दशक्तींचं प्रकरण होतं. अभिधा, लक्षणा, व्यंजना. माझ्या प्रतीत 'अभिधा'चा 'भ' नीट उमटला नव्हता. मी तो 'अविधा' असा वाचला, तसाच पाठ केला आणि परीक्षेत पानभर 'अविधा' 'अविधा' लिहून आले. पास झाले, पण चूक कळली ती चार वर्षांनी, एका शिबिरात एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकताना. भर सभेत माझे कान गरम झाले. विचारायला एक माणूस जरी जवळ असता, तरी ते एका मिनिटात मिटलं असतं.

पुढे सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स मिळू लागल्या. मेणकागदी स्टेन्सिल, शाईचा तो उग्र वास, आणि हाताला काळं लागल्याशिवाय पान सुटायचं नाही. मग दौंडला झेरॉक्सचं दुकान निघालं आणि तिसऱ्या प्रतीचा जमाना संपला. निदान मला तसं वाटलं.

आता धाकटीकडे वळते. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, इथेही तेच नाव राहू दे. ती १९८१ साली लग्न होऊन आली तेव्हा नववी झालेली होती. हुशार होती, पण नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मी सकाळी शाळेत गेले की घर तिच्यावर. माझी मुलंही तिनेच सांभाळली. मी बी.ए. होऊन 'बाई' म्हणून गावात मिरवत होते ते तिच्या जिवावर, हे आज लिहायला काही वाटत नाही. तेव्हा एवढं कळत नव्हतं.

१९८४ च्या दिवाळीत आम्ही टीव्ही घेतला, ब्लॅक अँड व्हाइट, हप्त्यांवर. सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यात १९७३ पासून चित्र दिसत होतं. आमच्याकडे ते नीट यायचं तर गच्चीवर उंच पाइप उभारून अँटेना फिरवत बसावं लागे. एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर एक कार्यक्रम सुरू केला होता. देशभराचा वर्ग अशी त्यामागची कल्पना. आदल्या वर्षी सोडलेल्या इन्सॅट-१बी उपग्रहावरून दुपारी तासभर कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी फिल्म दाखवायच्या. उद्देश सरळ होता. मोठ्या शहरातल्या चांगल्या प्राध्यापकाचं शिकवणं लहान गावातल्या मुलापर्यंत पोचावं. त्यासाठी काही विद्यापीठांत फिल्म तयार करणारी केंद्रं निघाली आणि सुरुवातीच्या केंद्रांत आपलं पुणे विद्यापीठही होतं. म्हणजे बघा, फिल्म पुण्यात तयार व्हायची, उपग्रहावर जायची आणि तिथून पाऊणशे किलोमीटरवरच्या दौंडला उतरायची! कंडक्टरकडे पुडकं द्यायची गरज संपली होती.

प्रत्यक्षात काय झालं? माझ्या ओळखीच्या एकाही कॉलेजच्या मुलाने तो कार्यक्रम नेमाने पाहिला नाही. कारणं साधी होती. एक म्हणजे वेळ. भर दुपारी मुलं कॉलेजात, शेतावर नाहीतर पुण्याच्या गाडीत. दुसरं भाषा. कार्यक्रम बहुतेक इंग्रजीत, आणि आमची मुलं मराठी माध्यमातली. तिसरं म्हणजे वीज. आणि चौथं मला फार महत्त्वाचं वाटतं. टीव्ही थांबत नाही. पुस्तकात एक ओळ कळली नाही तर पुन्हा वाचता येते. माझी पुसट तिसरी प्रतसुद्धा कंदिलापाशी धरून दहा वेळा वाचता यायची. टीव्हीवरचे सर एकदा पुढे गेले की गेले. दौंडच्या माणसाला हे चटकन कळेल. गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.

वर्षानुवर्षं मी हेच सांगत आले. शिक्षकांच्या सभेत एकदा या चार मुद्द्यांवर भाषणही ठोकलं होतं.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. पत्राने शिकवायची कल्पना तशी जुनीच. दिल्ली विद्यापीठाने १९६२ सालीच पत्रद्वारे अभ्यासक्रम सुरू केला होता. पण आपल्याकडे मराठीतून, आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही दार उघडं ठेवून, हे काम या विद्यापीठाने केलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचेही कुलगुरू होते, पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले. २०२३ साली ते गेले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचं ब्रीद. ब्रीदवाक्यं पुष्कळ असतात हो, पण आमच्या घरी ती गंगा खरोखर आली, खाकी कागदात बांधलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून.

बारावी झालेली नसली तरी 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम पुरा करून बी.ए.ला बसता येत होतं. धाकटीने हे कुठे वाचलं देव जाणे. १९९४ च्या सुमारास एक दिवस ती कणीक मळता मळता म्हणाली, "ताई, मी फॉर्म भरू का?" या वेळी मी शहाणपणा केला. "भर" एवढंच म्हटलं. 'या वेळी' का म्हणते ते पुढे सांगते.

तिची ती पुस्तकं मी मुद्दाम चाळली. शिक्षिका म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटलं. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला, हे वाचून तुम्हाला काय यायला हवं ते सांगितलेलं. मधे मधे स्वतःला तपासायला प्रश्न, आणि त्यांची उत्तरंही दिलेली. म्हणजे लिहिणाऱ्याने आधीच विचार केला होता की समोर कुणी शिकवणारं नसताना वाचणारी बाई कुठे अडेल. माझ्या वेळी असं पुस्तक असतं तर 'अविधा' झाली नसती! उपग्रहाच्या मानाने किती साधी गोष्ट. पण मला विचाराल तर आमच्या भागात उच्च शिक्षणातलं सगळ्यात कामाचं तंत्रज्ञान हेच ठरलं. धाकटीचं पुस्तक पिठाच्या डब्यावर उघडं असायचं. दूध उतू जायला लागलं की ते थांबायचं, दूध उतरवलं की पुन्हा सुरू व्हायचं.

रविवारी अभ्यासकेंद्रावर समंत्रक भेटायचे. वर्गात कोण नसायचं? रेल्वेतले खलाशी, एसआरपीचे जवान, एक पोस्टमन, दोन अंगणवाडीच्या बाई. एका वर्षी धाकटीचा अर्थशास्त्राचा पेपर राहिला. पुन्हा बसली. १९९९ साली बी.ए. झाली. घरात पेढे वाटले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता दोघी बाई झाल्या. स्वयंपाक कोण करणार?" आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

पुढचा प्रवास भराभर सांगते, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. २००२ च्या सुमारास एमएस-सीआयटी आलं आणि आम्हा शिक्षकांनाही ते सक्तीचं झालं. पन्नाशी ओलांडल्यावर माझ्याच जुन्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून मी माउस धरायला शिकले. तो म्हणायचा, "बाई, डबल क्लिक जरा लवकर करा." २००४ साली फक्त शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट उपग्रह सोडला गेला. पण गावात तेव्हा भारनियमन असं होतं की उपग्रह वर जागा आणि आम्ही खाली अंधारात! मग २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आलं, २०१७ साली 'स्वयम्' आलं. आणि मग आला करोना.

आता ती शेवटी ठेवलेली गोष्ट.

धाकटीची लेक न्हावऱ्याला दिली आहे. तिची मुलगी, म्हणजे हीच फोनवाली नात, २०२०-२१ साली बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज बंद, सगळं मोबाइलवर. न्हावऱ्याला त्यांचं घर उसाच्या रानात. रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. "सर, आवाज तुटतोय" म्हणेपर्यंत तास संपायचा. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये ती आमच्याकडे दौंडला येऊन राहिली. थेट तासाला ती कंटाळायची, पण रेकॉर्ड केलेले तास मन लावून बघायची. एका दुपारी हृदयाचं प्रकरण चाललं होतं. धाकटी शेजारी शेंगा सोलत बसली होती. नातीने मधेच बोटाने चित्र थांबवलं, वहीत काहीतरी काढलं, पुन्हा सुरू केलं. धाकटी बघत राहिली. म्हणाली, "हे थांबवता येतं होय?"

मग उठली, माडीवरच्या पेटीतून एक जुनी वही काढून आणली आणि नातीपुढे ठेवली. मी डोकावले. पेन्सिलीने काढलेलं हृदय. चार कप्पे. बाणांपुढे मराठीत लिहिलेलं, 'इकडून रक्त येतं', 'इकडून साफ व्हायला जातं', 'साफ होऊन परत येतं'.

आणि मला १९८५ च्या मार्चमधली दुपार आठवली. सकाळची शाळा करून मी घरी आले होते. धाकटी टीव्हीसमोर बसली होती, मांडीवर वही, आणि पडद्यावर तो कॉलेजचा कार्यक्रम चालू होता. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "अगं, कॉलेजच्या पोरांसाठी आहे ते. त्यातून इंग्रजी. तुला काय कळायचंय त्यातलं?" तिने काही उत्तर दिलं नाही. टीव्ही बंद केला आणि माझं ताट वाढायला गेली. त्यानंतर ती दुपारचा टीव्ही लावताना मला कधी दिसली नाही.

वेळ चुकीची, भाषा परकी, वीज नाही, टीव्ही थांबत नाही. माझ्या भाषणातले चारही मुद्दे खरे होते. पण त्या दुपारी वीज होती. तिला वेळ होता, घरात तेवढाच एक तास तिचा होता. इंग्रजी येत नव्हतं तरी चित्र कळत होतं. उपग्रहाने त्याचं काम चोख केलं होतं. दिल्ली-पुण्याहून निघालेली गोष्ट आमच्या ओसरीपर्यंत पोचली होती. ती अडली माझ्यापाशी. आणि मी तर बी.ए. झालेली, बाहेर उभं राहून शिकलेली शिक्षिका! त्या दिवसानंतर धाकटीने फॉर्म भरायचं विचारायला नऊ वर्षं घेतली.

नातीसमोरच मी तिला म्हटलं, "तेव्हा मी चुकले गं." ती शेंगा सोलत म्हणाली, "ताई, आता एवढ्या वर्षांनी? आणि 'भर' पण तुम्हीच म्हणालात की." मी शिक्षिकेच्या सवयीने ते चित्र तपासलं. सगळे बाण बरोबर होते.

आता तर पोरं मोबाइलला मराठीत प्रश्न विचारतात आणि तो मराठीत उत्तर देतो. थांबतो, पुन्हा सांगतो, कंटाळत नाही. कधी कधी ठोकूनही देतो, तेव्हा माझी 'अविधा' आठवते. मला त्याची भीती वाटत नाही. माझ्या पुसट प्रतीच्या मानाने ते फार पुढचं आहे. पण उद्या वर्गात उभ्या राहणाऱ्या आमच्या नातीला मी एवढंच सांगेन. यंत्र कुठलंही असो, त्याच्यासमोर कोणी वही घेऊन बसलेलं दिसलं तर 'तुला काय कळायचंय' म्हणू नकोस. शेजारी बस आणि वही बघ.

हे सगळं तिला काल वाचून दाखवलं. तिने पहिला परिच्छेद बदलला म्हणे. मला अजून वाचायला दिलेला नाही. तुमच्यापैकी कुणी बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठातून शिकलं असेल, घरात अशी एखादी वही असेल, तर जरूर कळवा. धाकटीला वाचून दाखवीन.